नेट गेलं तरी ब्रश चालायला हवा

सर, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मोखाड्याकडच्या शाळेत चित्रकला शिकवता, घरी चार जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आहे, आणि नेट म्हणजे शाळेमागच्या टेकाडावर जाऊन फोन उंच धरला तर. मुलांच्या मासिकांना आणि दिवाळी अंकांना चित्रं द्यायची आहेत. त्यासाठी पाच-सहा हजारांत बसणारं आणि नेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर हवंय. एक ओळखीचा फोटोशॉपचं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, टाकून देतो म्हणतोय आणि भाचा आयपॅड घ्या म्हणून मागे लागलाय.

उत्तर आधीच सांगून टाकते. क्रिटा नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, आणि हातातले पैसे सॉफ्टवेअरवर न घालता पेन टॅब्लेटवर, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने काढायच्या पाटीवर, घाला. पण एवढंच सांगून थांबले तर महिनाभरात तुम्ही वैतागाल. तुमची खरी अडचण सॉफ्टवेअरच्या नावाची नाहीच. नेट नाही, वीज बेभरवशाची, यंत्र जुनं, आणि अंकाची तारीख मात्र ठरलेली, अशा वेळी काम अडून राहू नये, ही आहे. त्यामुळे मी काय निवडलं यापेक्षा का निवडलं, ते सांगते. तुमची परिस्थिती थोडी वेगळी निघाली तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी दापोलीत राहते. पंधरा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढतेय, त्यातली शेवटची दहा-अकरा संगणकावर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझ्याकडे मुलांच्या एका पुस्तकाची चोवीस चित्रं होती. सतरा झाली होती, सात बाकी. नारळ-पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर बंद. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याने जनरेटर लावला होता. तिथे तीस रुपये देऊन रांगेत लॅपटॉप चार्ज करून आणायचा आणि घरी येऊन काढत बसायचं. तेव्हा मी महिन्याच्या भाड्यावरचं एक सॉफ्टवेअर वापरत होते. नाव घेत नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ते उघडलं तर म्हणे, तुमचं सभासदत्व तपासायचंय, इंटरनेटला जोडा. पैसे भरलेले, फायली माझ्याच लॅपटॉपवर, आणि आत जायला परवानगी नाही. घरात एक जुना लॅपटॉप होता, त्यात पुतण्याने कधीतरी गंमत म्हणून क्रिटा टाकून ठेवलं होतं. त्यात माझ्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपातल्या, फायली उघडल्या. अक्षरांचे थर (लेअर) तेवढे सपाट झाले, बाकी चित्राचे थर जागेवर होते. सात चित्रं त्यात पुरी केली आणि चिपळूणला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या खिशात पेन ड्राइव्ह घातला. तिथून मावसभावाने फायली पाठवल्या.

तेव्हापासून कुठल्याही सॉफ्टवेअरला मी 'ऑफलाइन चालतं का' एवढंच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळेच 'हो' देतात. मी चार प्रश्न वेगवेगळे विचारते. नेटशिवाय ते यंत्रात टाकता येतं का, म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर आणून? परवाना तपासायला ते अधूनमधून नेटकडे धावतं का? माझी चित्रं माझ्या डिस्कवर राहतात की त्यांच्या क्लाउडमध्ये? आणि चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात: ब्रश, कागदाचे पोत, शिकायची माहिती, हे सगळं एकदा उतरवून घेतलं की कायमचं हाताशी राहतं का?

क्रिटा या चारही प्रश्नांत उत्तीर्ण होतं. त्याची विंडोजसाठी झिप केलेली आवृत्ती मिळते. ती यंत्रात बसवावीही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून फोल्डर उतरवला की आतला प्रोग्रॅम थेट चालतो. खातं नाही, किल्ली नाही, मुदत नाही. त्याचं हस्तपुस्तक ई-पब स्वरूपात मिळतं, ते एकदा उतरवलं की टेकाडावर जायची गरज नाही. ब्रशांचे संच बंडल नावाच्या फायलींत येतात, तेही तसेच. तालुक्याला गेलात की एका खेपेत हे सगळं आणि तुमच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, एका पेन ड्राइव्हवर घेऊन या. ड्रायव्हर विसरू नका. तो बहुतेक वेळा खोक्यात नसतो, नुसती त्याच्या संकेतस्थळाची चिठ्ठी असते. डाउनलोड करताना एक बघा: लॅपटॉपची विंडोज ६४ बिटची आहे ना? क्रिटाच्या नव्या आवृत्त्या ३२ बिटवर चालत नाहीत.

फुकट आहे म्हणजे कच्चं असेल अशी शंका येईल. मलाही यायची. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या गोतावळ्यातला हा प्रकल्प १९९९ च्या सुमारास सुरू झाला. सुरुवातीला तो फोटो दुरुस्तीच्या वाटेने चालला होता. २००९ च्या आसपास त्यांनी ठरवलं की आपण चित्र काढणाऱ्यांसाठीच काम करायचं. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळेच त्यात ब्रश आधी आणि बाकीचं नंतर आहे. दाविद रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराची 'पेपर अँड कॅरट' ही अख्खी चित्रकथा क्रिटात काढलेली आहे. तेवढं काम ज्यात होतं त्यात आपलं पानभर चित्र नक्की होईल. नावाची गंमत तुम्हाला आवडेल: स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात हेच सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकतात, ते प्रकल्पाला हातभार म्हणून. सॉफ्टवेअर तेच. पुढे पहिलं मानधन आलं की तिथून घ्यायला हरकत नाही.

आता तुमच्या लॅपटॉपकडे येते, कारण गाडी तिथेच अडणार आहे. चार जीबी रॅम ही क्रिटासाठी खालची पायरी आहे, आणि विंडोज स्वतःच त्यातली निम्मीअधिक खाऊन बसते. मग उरलेल्यात काय मावतं? हिशोब सोपा आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, सुमारे ८७ लाख. साध्या आठ बिट रंगात एका ठिपक्याला चार बाइट लागतात. म्हणजे पूर्ण रंगवलेला एक थर झाला सुमारे ३५ एमबी. असे पंधरा थर म्हणजे सव्वापाचशे एमबी, आणि मागे जाण्यासाठी म्हणजे अनडूसाठी जे साठवलं जातं ते वेगळं. इथपर्यंत तुमचं यंत्र धापा टाकत का होईना, पण येईल. आता उत्साहाच्या भरात ए-३ पान ६०० डीपीआयला घेतलंत, तर एकच थर जवळजवळ २८० एमबीचा. चौथ्या-पाचव्या थराला लॅपटॉप गोठला की आपण शिव्या सॉफ्टवेअरला घालतो. रंगांची खोली सोळा बिट केली तर हे सगळे आकडे दुप्पट.

म्हणून ए-४, ३०० डीपीआय, आठ बिट, आणि थर दहा-बाराच्या आत. मासिकाच्या पानाला एवढं पुरतं. रेघांचा थर वेगळा ठेवा. तो फार जागा घेत नाही, कारण क्रिटा चित्राचे ६४ गुणिले ६४ चे छोटे तुकडे करतं आणि रिकाम्या तुकड्यांना जागा देत नाही. रंगाचे थर पसंत पडले की एकात एक मिसळून टाका. पोस्टर कलरवाल्याला हे जड जाऊ नये. कागदावर कुठे वीस थर असतात? रॅम संपली की क्रिटा डिस्कवर लिहायला लागतं, आणि तुमच्या लॅपटॉपला जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिथे बैलगाडीचा वेग येतो. लॅपटॉप उघडून रॅमची जागा रिकामी आहे का हे दुकानदाराला बघायला सांगा. काही यंत्रांत ती थेट बोर्डावर डकवलेली असते, मग काही करता येत नाही. पण वाढवता आली तर आधी रॅम, मग एसएसडी ही न फिरणारी वेगवान डिस्क. महागड्या सॉफ्टवेअरने जेवढा फरक पडेल त्याहून जास्त याने पडतो.

अजिबातच झेपलं नाही तर? तेव्हा मायपेंट बघा. फार हलकं, कागदाला कडा नाहीत, हवं तेवढं पसरत जायचं, आणि रंग मिसळण्याची त्याची तऱ्हा खऱ्या रंगद्रव्याच्या जवळ जाणारी. पिवळ्यात निळा मिसळला की मळकट करडा न होता हिरवा होतो. पण निवड करणं, कापणं-चिकटवणं, अक्षरं यांत ते लंगडं आहे, आणि त्याचं कामही संथ चालतं. फायरअल्पाकाही हलकं आणि फुकट आहे. जुन्या यंत्रावर माझ्या एका विद्यार्थिनीने त्यात वर्षभर काम केलं. मला त्याचे ब्रश कोरडे वाटतात, पण हा माझ्या हाताचा प्रश्न.

पैसे देऊन घ्यायचंच असेल तर माझ्या हिशोबात तीन नावं येतात. पेंटटूल साई हे जपानी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, ५,५०० येन एकदाच द्यायचे, परवान्याची फाइल तुमच्या यंत्रापुरती मिळते आणि मग ते गप्प बसतं. तुमच्यासारख्या लॅपटॉपवर पळतं म्हणजे अक्षरशः पळतं, रेघ सुंदर येते. चाचणीला महिनाभर मिळतं. क्लिप स्टुडिओ पेंटची ताकद चित्रकथेत, चौकटी आणि फुगे यांत. संगणकासाठी त्याचा एकदाच घ्यायचा परवाना आहे आणि वर्षातून काही वेळा सवलतही लागते. पण महिन्याच्या भाड्याचा प्रकार चुकून घेऊ नका, दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी विकतात. त्याची स्वतःची फाइल क्रिटात उघडत नाही, त्यामुळे पीएसडीत प्रत ठेवायची सवय लागते. तिसरं रेबेल. ओल्या कागदावर जलरंग सोडला की तो कसा पसरतो, कडेला कसा साचतो, हे त्याच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी जमवलेलं मी पाहिलं नाही. पण चार जीबीच्या यंत्रावर त्याचा विचारही नको.

जिंप या फुकट सॉफ्टवेअरबद्दलही कुणीतरी सांगेलच. ते फोटो दुरुस्तीसाठी चांगलं आहे, चित्र काढायला मी घेत नाही. मात्र ते टाकून ठेवा, का ते पुढे सांगते.

क्रॅकबद्दल नैतिक भाषण देत नाही. तुम्ही शिक्षक आहात, ते तुम्हाला माझ्याहून बरं देता येईल. कायदेशीर नाही हे तर आहेच, पण व्यवहारातली गोष्ट अशी की क्रॅक टाकणारा पहिलं काम अँटिव्हायरस बंद करण्याचं करतो. मग शाळेचे पेन ड्राइव्ह, निकालाच्या शीट, सगळं त्याच यंत्रात. शिवाय फोटोशॉपच्या २०१३ पासूनच्या नव्या आवृत्त्या भाड्यावरच मिळतात. म्हणजे क्रॅकवर हात बसवलात आणि उद्या सरळ मार्गाने घ्यायचं म्हटलंत तर दर महिन्याला पैसे, आणि ठरावीक दिवसांनी परवाना तपासायला नेट. तुमच्या गावात ती कटकट नको.

भाच्याचं म्हणणं चूक नाही. आयपॅडवरचं प्रोक्रिएट एकदाच पैसे देऊन मिळतं, नेटशिवाय चालतं, आणि पडद्यावरच काढायचं असल्याने हात लवकर बसतो. पण आयपॅड आणि त्याची पेन्सिल धरून खर्च तुमच्या आकड्याच्या कितीतरी पट जातो. हाती आयता आला तर नाही म्हणू नका, कर्ज काढून घेऊ नका. फोनवर काढायचा मोह असेल तर आयबिस पेंट आहे, फुकट, जाहिरातींसह. पोरं त्यात कमाल करतात. पण बोटाने किंवा दहा-वीस रुपयांच्या रबरी टोकाच्या काडीने दाब कळत नाही, आणि दाबाशिवाय कुंचल्याची रेघ नाही.

म्हणून पैसे पेनवर. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन यांच्या पडदा नसलेल्या लहान पाट्या साधारण अडीच ते साडेचार हजारांत मिळतात. भाव बदलत असतात, पण तुमच्या आकड्यात बसतील. पेनला बॅटरी नसलेलीच घ्या. आकार फार मोठा नको. वहीच्या पानाएवढी पाटी पुरते, मोठ्या पाटीवर दिवसभर खांदा फिरवून रात्री शेकत बसावं लागतं. सोबत जादा निबा येतात का बघा.

ती घरी आली की पहिल्या दिवशी दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे दाब लागत नाही, रेघ एकाच जाडीची येते. घाबरू नका, टॅब्लेट खराब नसतो. क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅब्लेटचं पान आहे, तिथे विनटॅब की विंडोज इंक असा पर्याय असतो. जो लागलेला असेल त्याच्या उलटा करा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. दहातल्या नऊ वेळा काम होतं. दुसरी गोष्ट म्हणजे गोल काढला की अंडं उमटतं. पाटीची आणि पडद्याची लांबी-रुंदी एका प्रमाणात नसते, म्हणून असं होतं. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखायची खूण असते, ती करा. मी हे माहीत नसताना पहिले दोन महिने सगळी माणसं बुटकी काढली, आणि संपादकबाईंना ती माझी शैली वाटली.

हात पाटीवर आणि नजर पडद्यावर, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. त्या काळात चित्र काढायला जाऊ नका, नाउमेद व्हाल. रोज अर्धा तास मोठ्या अक्षरात 'श्री' काढा, दगडी पाटीवर गिरवतो तसं, पण दाब कमीजास्त करत. त्यात गोलाई, उतार, गाठ, उभी रेघ सगळं आहे. रेघ थरथरली तर क्रिटाच्या ब्रशला स्टॅबिलायझर लावता येतो, पण थोडाच लावा. फार लावला की रेघ गुळगुळीत होते आणि हात ओळखू येत नाही. पाटी फार घसरती वाटली तर वर साधा कागद चिकटवा. निबा लवकर झिजतील, पण कागदाची करकर कानाला येते आणि हात आपोआप ताळ्यावर येतो.

ब्रशांच्या जंगलात शिरू नका. क्रिटात सुरुवातीलाच शंभराहून जास्त ब्रश आहेत, आणि नवखा माणूस त्यातच पंधरा दिवस हरवतो. मी अजूनही पाचच वापरते: रेखाटनाला पेन्सिल, रेघेला शाईचा एक, सपाट भरायला बेसिक-५ नावाचा, केसाळ असा एक कोरडा, आणि कडा मऊ करायला एक. तुमचा हात पोस्टर कलरचा आहे म्हणजे अपारदर्शक रंगाचा, त्यामुळे बेसिक-५ आणि केसाळ ब्रश यांच्यावर तुम्ही लगेच रमाल. तीन कळा पाठ करा. ई दाबली की तोच ब्रश खोडरबर होतो, पोत तसाच ठेवून. एम दाबली की चित्र आरशात दिसतं आणि वाकडे डोळे लगेच कळतात. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबली की फाइल नव्या क्रमांकाने साठते, जुनी तशीच राहते. वीज जाणाऱ्या गावात ही तिसरी कळ देवाच्या ठिकाणी आहे. क्रिटा मधूनमधून आपोआप साठवतंही, पण त्याच्यावर विसंबून झोपू नका.

फाइल आपल्या हातात राहणं म्हणजे काय, ते एकदा करून बघा. क्रिटाची फाइल केआरए या शेपटीची असते. तिची एक प्रत करा, शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत थरांच्या फोल्डरासोबत 'मर्ज्डइमेज' नावाची एक पीएनजी दिसेल, ते तुमचं पूर्ण चित्र. म्हणजे उद्या ज्या यंत्रावर क्रिटा नाही तिथेही चित्र निघतं. एका छापखान्यात मी चुकून केआरए फाइलच घेऊन गेले होते, तेव्हा असंच काढून दिलं. ऑपरेटर माझ्याकडे बघतच राहिला.

छापखान्याचा विषय निघालाच आहे, तर पडद्यावरचे रंग छापून तसे येत नाहीत हे तुम्हाला माहीत असेल, पण किती फसवतात ते सांगते. एका दिवाळी अंकासाठी मी रात्रीचं आभाळ काढलं होतं, जांभळ्या-निळ्या झाकीचं, वर आकाशकंदील. पडद्यावर काळजाला भिडत होतं. अंक हातात आला तर आभाळ शिळ्या वांग्याच्या सालीसारखं. झगझगीत निळे, जांभळे, पोपटी आणि भगवे हे रंग छपाईच्या चार शाईंत बसतच नाहीत. आता मी काम नेहमीच्या आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांतच करते, आणि तासातासाला कंट्रोल-वाय दाबून छपाईत कसं दिसेल ते बघते. क्रिटात ही सोय आहे, तीही नेटशिवाय. त्यासोबत शिफ्ट दाबली तर जे रंग छपाईत बसणार नाहीत तेवढेच ठळक होतात. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतलं, रूपांतर शेवटी, प्रतीवर, आणि आधी मुद्रकाला विचारून. काही जणांना ते स्वतःच करायचं असतं. टिफ द्यायची की पीएसडी तेही विचारा, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

अक्षरांचं मात्र क्रिटावर सोपवू नका. मुखपृष्ठावर नाव हवं असेल तर हाताने काढा, किंवा इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टंक (फॉन्ट) वापरून करा. त्यात जोडाक्षरं नीट बसतात. मुक्त आणि बालू हे देवनागरी टंक मोफत आहेत, तेही त्याच पेन ड्राइव्हवर घ्या. एरवी मजकूर अंकाचा डीटीपीवाला बसवतोच. त्याच्याकडे बरेचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांचा कारभार असतो, तेव्हा आपली अक्षरं चित्रात रूपांतर करूनच द्या, नाहीतर 'दीपावली'चे चौकोन होतात.

आणि आता जिंप. तुम्ही पोस्टर कलरमध्ये वीस वर्षं काम केलंय असं लिहिलंत. मग पहिल्याच दिवाळी अंकाला सगळं संगणकावर काढायचा हट्ट कशाला? चित्र कागदावर काढा, तालुक्याला ३०० डीपीआयला स्कॅन करून आणा. जिंपमध्ये लेव्हल्स या उजेड-अंधार जुळवायच्या सोयीने कागदाचा पिवळसरपणा काढा, डाग पुसा, आणि मग क्रिटात उघडून हवं तिथे हात फिरवा. माझी निम्मी कामं अजून अशीच होतात. स्कॅनर नसेल तर सकाळी पडवीत, उन्हात नव्हे पण उजेडात, फोन चित्राला समांतर धरून फोटो काढा. चौथाई पानाच्या चित्राला तेवढं चालून जातं. संपादकांना तुमचा हात हवा असतो, तो कुठल्या यंत्रातून आला हे कुणी विचारत नाही. यात तुमचं मानधन या दिवाळीलाच सुरू होऊ शकतं, आणि टॅब्लेटवर हात बसायला वर्ष मिळतं.

कुठलंही सॉफ्टवेअर कायमचं ठरवण्याआधी माझी एक परीक्षा घ्या. ते टाका, नेट बंद करा, यंत्र बंद करून सुरू करा आणि पंधरा दिवस नेट न जोडता त्यात काम करा. जुनी फाइल उघडते का, नवी साठते का, छपाईची प्रत निघते का, मध्येच खातं मागतं का. तुमच्याकडे ही परीक्षा घ्यायला नेट मुद्दाम बंदही करावं लागणार नाही म्हणा.

शाळेतल्या मुलांना शिकवता येईल का, असंही शेवटी विचारलंत. येईल. संगणक खोलीतली यंत्रं ६४ बिटची असतील तर तोच झिपवाला फोल्डर प्रत्येकावर उतरवा. किती यंत्रांवर टाकायचं याची मर्यादा नाही. टॅब्लेट एकच असला तरी चालतं. बाकीच्यांना माउसने सपाट रंग भरायला द्या, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या संकल्पचित्राचे रंगमेळ करून बघायला तर ते फार छान. एका चित्राचे पाच रंगमेळ दहा मिनिटांत होतात, रंगपेटी संपत नाही.

लॅपटॉपचं मॉडेल आणि खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक कळवा. रॅमची जागा रिकामी आहे की नाही ते त्यावरून कळेल, मग टॅब्लेटला किती ठेवायचे आणि रॅमला किती ते ठरवू.